पारख : पोत्याची आणि पोराची



गेल्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. नवे सोयाबीन बाजारात येऊ लागले होते आणि लातूरच्या आडत बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पुतण्याच्या दुकानात सहज डोकावलो, तर एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नुकताच उभा राहिला होता. पुतण्याने पोत्यात लोखंडी नळी खुपसून वरचा, मधला आणि तळाचा असे तिन्ही थरांचे दाणे काढले. ते तळहातावर पसरले, फुंकर मारून माती उडवली, यंत्रात घालून ओलावा पाहिला. यंत्राने बारापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवला. एवढ्यावर तो थांबला नाही. एक दाणा दातांखाली धरला, त्याचा आवाज ऐकला, शेतकऱ्याला विचारले, "पाऊस लागला होता का काढणीच्या वेळी?" उत्तर ऐकताना त्याची नजर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर होती. दहा मिनिटांत चाळीस पोत्यांचा निर्णय झाला.

शेतकरी गेल्यावर त्याने मला आतल्या गादीवर बसवले, चहा मागवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही पस्तीस वर्षं माणसं पारखून कर्जं दिलीत. आमच्या पोराचं काय करायचं, ते एकदा सांगा."

पोरगा म्हणजे माझा नातू. वय सतरा, अकरावी विज्ञान शाखा. लातूरच्या रिवाजाप्रमाणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला त्याचे नाव घातलेले. परंतु पहाटे साडेपाचला हा मुलगा सायकलवर चेंडू आणि बूट बांधून मैदानावर जातो, जलद गोलंदाजी करतो, आणि त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की त्याला पुण्याला निवड चाचणीसाठी पाठवावे. घरात तीन मते होती. आजोबांची चिंता दुकानाची. आईची चिंता जेवणाची, कारण सूर्यास्तापूर्वी जेवणारा आणि कंदमुळे न खाणारा मुलगा परगावी खेळाडूंच्या वसतिगृहात काय खाणार, हा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी खरा आहे. आणि वडिलांची चिंता व्यापाऱ्याची होती : माल चालेल की नाही, हे आधी कसे ओळखायचे?

मी क्रीडाक्षेत्रातला माणूस नव्हे. नांदेडला नोकरीत असताना बँकेच्या आंतरशाखीय सामन्यात दोन वेळा पंचगिरी केली, एवढीच माझी पुंजी. तथापि प्रश्न मला आवडला, कारण तो मुळात माझ्याच व्यवसायाचा आहे. ज्याने अजून काहीच करून दाखवलेले नाही, त्याच्यावर पैसा लावायचा कसा? निवृत्त माणसाकडे वेळ असतो. व्यावसायिक संघ तरुण खेळाडूंची पारख कशी करतात, यावर मी दोन महिने जमेल तेवढे वाचले. त्यातले जे आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचे वाटले, ते या महिन्याच्या सदरात मांडतो.

या कलेचे सर्वात पद्धतशीर रूप अमेरिकेत पाहायला मिळते. तिथे 'फुटबॉल' म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा आहे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे, शिरस्त्राण घालून एकमेकांवर धडकायचे, असा तो प्रकार. त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये आज ३२ संघ आहेत आणि बहुतेक सारे नवे खेळाडू महाविद्यालयांच्या संघांतून येतात. दरवर्षी एप्रिल महिन्यात तीन दिवस चालणाऱ्या निवडसभेत संघ आळीपाळीने एकेक नाव उचलतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. सात फेऱ्या होतात आणि सुमारे अडीचशे तरुणांचे नशीब ठरते. आपल्या सौद्यात ज्याच्या खिशात जास्त पैसा, त्याला माल मिळतो. ड्राफ्टमध्ये तसे नसते. मागील हंगामात जो संघ सर्वात शेवटी राहिला, त्याला पहिली निवड मिळते आणि विजेत्याला सर्वात शेवटची. दुबळ्याला आधी संधी द्यावी, म्हणजे बाजार एकाच पेढीच्या हाती जात नाही, हा त्यामागचा विचार फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडला होता.

पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. त्या वेळी खेळाडू पारखणारे पगारी निरीक्षक नव्हते. फळ्यावर नव्वद नावे लिहिली होती आणि संघमालकांची माहिती बव्हंशी वृत्तपत्रांतून व ओळखीपाळखीतून आलेली होती. पहिले नाव उचलले गेले ते जे बर्वांगर या तरुणाचे. गंमत अशी की इतिहासातला हा पहिला निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मोबदल्याचे जमले नाही, तेव्हा त्याने फोम रबर विकण्याची नोकरी धरली आणि पुढे मोटारगाड्यांना लागणारे रबरी व प्लास्टिकचे भाग बनवणारा स्वतःचा कारखाना काढला. आपल्या वाचकांना ही निवड काही वावगी वाटणार नाही! परंतु संघाच्या बाजूने पाहिले तर त्यांनी पहिला क्रमांक खर्च केला आणि तो खेळाडू त्यांच्याकडून कधी खेळलाच नाही.

पुढे अशा चुका परवडेनाशा झाल्या आणि पारखीचे एक शास्त्रच उभे राहिले. आज प्रत्येक संघाकडे क्षेत्रनिहाय निरीक्षक असतात. आपल्याकडे बँकेचा क्षेत्रीय अधिकारी जसा शाखांची फेरी करतो, तसा हा निरीक्षक हंगामात गावोगावच्या महाविद्यालयांत फिरतो. सामना पाहणे हा त्याच्या कामाचा लहान भाग. त्याआधी तो त्या खेळाडूच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत बघतो, सराव बघतो, प्रशिक्षकाशी बोलतो, व्यायामशाळेतल्या शिक्षकाशी बोलतो, अभ्यासाची जबाबदारी असलेल्या माणसाशी बोलतो. मुलगा वेळेवर येतो का? दुखापत लपवतो का? राखीव खेळाडूंमध्ये बसवले तर तोंड पाडून बसतो, की सहकाऱ्यांना पाणी नेऊन देतो? हे सारे तो अहवालात लिहितो. मग दुसरा, वरिष्ठ निरीक्षक त्याच मुलाला स्वतंत्रपणे पाहतो. दोन अहवाल जुळले नाहीत, तर तिसरा माणूस जातो. आपल्याकडे अनेकान्ताची शिकवण आहेच की एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते. त्या लोकांनी ते व्यवहाराच्या गरजेतून शोधून काढले.

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक निवडक तरुणांना एकत्र बोलावतात. इथे पोत्यातला दाणा यंत्रात घातला जातो. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर अंतर किती सेकंदांत कापतो. १०२ किलोचे वजन उताणे पडून किती वेळा उचलतो. जागच्या जागी किती उंच उडी मारतो. वळणे घेत किती चपळाईने धावतो, हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. संघांचे डॉक्टर गुडघे, खांदे तपासतात. या मेळाव्याचा मूळ हेतूच वैद्यकीय तपासणी एका ठिकाणी उरकण्याचा होता. शेवटी मुलाखती होतात. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणीही घेत असत. ती २०२२ मध्ये बंद केली.

या साऱ्या इतिहासात मला एक भारतीय माणूस भेटला, याचे मोठे अप्रूप वाटले. १९६०च्या दशकात डल्लास शहराच्या संघाने ठरवले की निरीक्षकांच्या मतांना संगणकाची जोड द्यायची. ते काम आले सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाकडे. ते मूळचे भारतीय, अलीगढला शिकलेले, आणि अमेरिकी फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता. निरीक्षक खेळाडूंचे वर्णन शेकडो विशेषणांत करीत. एकाचा 'चपळ' तो दुसऱ्याचा 'उतावळा'. कुरेशींनी आधी भाषा सारखी केली आणि मग ही वर्णने गाळत गाळत पाच गुणांवर आणली : चारित्र्य, चपळता व शरीरावरचा ताबा, स्पर्धेची ईर्षा, मनाची तरतरी आणि ताकद. हे वाचले आणि मी चष्मा काढून क्षणभर थांबलो. आम्हा बँकवाल्यांना कर्ज देताना पाहायच्या पाच गोष्टी शिकवल्या जात : चारित्र्य, परतफेडीची क्षमता, स्वतःचे भांडवल, तारण आणि बाजाराची परिस्थिती. दोन्ही याद्यांत पहिला शब्द एकच आहे, आणि दोन्हींत तोच मोजायला सर्वात कठीण आहे.

एवढी यंत्रणा असूनही माणसे चुकतात, आणि त्या चुकाच मला अधिक बोलक्या वाटल्या. १९९८ साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोघांपैकी श्रेष्ठ कोण, यावर जाणकारांत दोन तट होते. पहिला क्रमांक मॅनिंगला मिळाला, दुसरा लीफला. लीफ उंचापुरा होता, त्याचा हात दमदार होता, मोजमापात कुठे उणे नव्हते. परंतु अपयश, टीका आणि दुखापत पचवणे त्याला जमले नाही आणि चार-पाच वर्षांत कारकीर्द आटोपली. मॅनिंग त्या खेळातल्या थोरांपैकी एक ठरला. दोनच वर्षांनी, २००० साली, मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रॅडी नावाचा सडपातळ तरुण मोजणीला आला. चाळीस यार्डांना त्याने ५.२८ सेकंद घेतले, जे त्या स्पर्धेत मंदच म्हणायचे. १९८ खेळाडू निवडले गेले, त्यानंतर सहाव्या फेरीत त्याचे नाव पुकारले गेले. त्याच्या जागी खेळणारे सहा जण त्याच्या आधी उचलले गेले होते. या १९९ क्रमांकाच्या माणसाने पुढे सात वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळवले. २०२२ साली तर ब्रॉक पर्डी हा अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले.

यंत्र खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. ब्रॅडी खरोखरच हळू पळत होता. ओलाव्याचे यंत्र ओलावा सांगते. त्या दाण्यातून तेल किती निघेल हे त्याला विचारलेले नसते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या क्रिकेटमध्ये ड्राफ्टऐवजी लिलाव असतो आणि आडतीचा सौदा जाणणाऱ्या आपल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु लिलावाचा हातोडा पडण्याआधी जे घडते, ते अमेरिकेसारखेच आहे. संघांचे निरीक्षक वर्षभर देशांतर्गत सामने पाहत फिरतात. २०१३ साली मुंबई संघाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत गुजरातचा एक तरुण पाहिला. त्याची धाव आखूड, हात वेडावाकडा. पुस्तकी दृष्टीने सारेच चुकीचे. परंतु समोरचे फलंदाज गोंधळत होते, हे राइट यांनी पाहिले. तो तरुण म्हणजे जसप्रीत बुमराह.

आणि मराठवाड्यात अशी नजर पोहोचत नाही, ही समजूत आता जुनी झाली. जालन्याच्या विजय झोलने २०११-१२च्या हंगामात कूच बिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्या संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव हे त्याच्या हाताखाली खेळले. ते पुढे देशाच्या मुख्य संघात गेले. झोलला ती संधी मिळाली नाही. यात त्याच्या गुणांचा अवमान नाही. सतराव्या वर्षीचा आकडा पंचविसाव्या वर्षाची हमी देत नाही, एवढेच. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२च्या विश्वविजेत्या एकोणीस वर्षांखालील संघात होता. स्पर्धा संपल्यावर आठवड्याभरात बंगळूरला लिलाव झाला आणि तीस लाखांची मूळ किंमत असलेल्या या मुलाला चेन्नईने दीड कोटी रुपयांना घेतले. त्यानंतरचा तपशील मात्र कोणी सांगत नाही. त्या पहिल्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. वर्षभर बाकावर बसून त्याने वाट पाहिली आणि ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला पदार्पणात तीन बळी घेतले.

बीडच्या सचिन धसची एक खेळी तर प्रत्येक निरीक्षकाने जपून ठेवावी अशी. ६ फेब्रुवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेत बेनोनी येथे विश्वचषकाचा उपान्त्य सामना, यजमानांच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत बाद. तिथे सचिनने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. ४ बाद ३२ ही अवस्था कोणत्याही चाचणीत निर्माण करता येत नाही. म्हणूनच निरीक्षकाला सामने पाहत फिरावे लागते.

अमेरिकेसारखा खराखुरा ड्राफ्ट आपल्या मातीतल्या खेळाने अनुभवला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही लीग पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. सहा संघ होते आणि खेळाडूंची निवड बोली लावून न करता ड्राफ्टने केली गेली. चार श्रेणी ठरवल्या होत्या आणि त्यांचे मानधन पाच लाखांपासून एक लाखापर्यंत निश्चित होते. त्या पहिल्या हंगामात चेन्नईकडून खेळलेल्या रामजी कश्यप या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या तरुणाने सर्वांचे डोळे दिपवले; २०२५च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या विजेत्या संघात तो होता. त्याच विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिला संघही जिंकला आणि त्यात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या आधी त्याच धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवले आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवला. लातूरपासून दोन तासांच्या अंतरावर हे घडते आहे. आपण मात्र खो-खोला शाळेच्या तासातला विरंगुळा समजतो.

हे सारे वाचत असताना एक जुनी आठवण वारंवार डोके वर काढत होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

नव्वदच्या दशकात मी नांदेड जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. एकाच महिन्यात दोन अर्ज आले. पहिला अर्ज सुस्थितीतल्या घरातून आलेला, सनदी लेखापालाने तयार केलेले ताळेबंद, पक्के तारण, दोन जामीनदार. दुसरा अर्ज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचा. तारण नाही, जामीनदार नाही, हिशेब शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला. मी पहिल्याला मंजुरी दिली, दुसऱ्याला नम्रपणे परत पाठवले. नियमाप्रमाणे दोन्ही निर्णय बिनचूक होते. पहिले खाते अडीच वर्षांत थकीत झाले. दुसऱ्या तरुणाला कोणीतरी हातउसने पैसे दिले आणि आज त्याच्या कारखान्यात वीसेक माणसे काम करतात. काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो मला भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही वही परत देताना एक सांगितलं होतं, रोजचा हिशेब रोज लिहितोस ते सोडू नकोस. अजून लिहितो."

घरी आल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. ती वही माझ्या हातात होती. रोजच्या रोज, एकही दिवस न चुकता लिहिलेली. पाच गुणांपैकी पहिला गुण त्या पेन्सिलीच्या अक्षरांत स्पष्ट दिसत होता, मी तो वाचलाही होता, कौतुकही केले होते. आणि तरीही निर्णय घेताना मी फक्त यंत्राचा आकडा पाहिला.

तेव्हा पुतण्याला मी उत्तर दिले ते असे. "पोराला पुण्याला पाठव. पण त्याच्याबरोबर तू स्वतः चल. मीही येतो."

डिसेंबरमध्ये आम्ही तिघे गेलो. मैदानाबाहेर पहाटेपासून रांग लागलेली, छातीवर कागदी क्रमांक चिकटवलेली शेकडो मुले. प्रत्येक गोलंदाजाला सहा चेंडू. वर्षानुवर्षे पहाटे उठलेल्या मुलाला सहा चेंडू! नातवाचा पहिला चेंडू वाईड गेला. दुसऱ्यावर फलंदाजाने षटकार मारला. तिसऱ्याच्या आधी तो काही क्षण थांबला, धावेची खूण पायाने पुन्हा आखली आणि पुढचे चार चेंडू नेमके टाकले. एका चेंडूने यष्टी उडवली.

जाळीजवळ वही घेऊन उभे असलेले एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याकडे आले. मुलाचे वडील कोण, असे विचारून त्यांनी पुतण्याला चार-पाच प्रश्न केले. सकाळी याला उठवतं कोण, की स्वतः उठतो? खांदा किंवा पाठ कधी दुखावली होती का? सामना हरला की घरी कसा वागतो? लिहितो उजव्या हाताने आणि टाकतो डाव्या हाताने, हे लहानपणापासून की कोणी शिकवलं?

पुतण्या गप्प होता. सोयाबीनचा दाणा दातांखाली धरून पावसाची तारीख सांगणाऱ्या माझ्या पुतण्याला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. मुलाचा एकही सामना त्याने आजवर पाहिलेला नव्हता. मुलगा डाव्या हाताने चेंडू टाकतो, हे त्याला त्या दिवशी, त्या जाळीजवळ कळले. शेवटी दोन उत्तरे मी दिली, तीही माझ्या पत्नीकडून ऐकलेली.

निवड झाली नाही. संध्याकाळी यादी लागली, त्यात नाव नव्हते. रात्री पुण्यातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. टेंभुर्णीला थांबून, दिवस मावळण्याआधी घरून आणलेल्या दशम्या आणि मुगाची कोरडी भाजी उघडली. बराच वेळ कोणी बोलत नव्हते. मग पुतण्याने मुलाला विचारले, "डाव्या हाताने कधीपासून टाकतोस रे?"

मुलगा सांगू लागला. सातवीत असताना उजव्या हाताचे मनगट मुरगळले होते, प्लॅस्टर असताना खेळणे थांबू नये म्हणून डाव्या हाताने टाकायला सुरुवात केली, मग तोच हात बरा वाटू लागला. प्लॅस्टर वडिलांना आठवत होते. दवाखान्याचे बिलही आठवत होते. पुढचे आठवत नव्हते. बार्शी मागे पडेपर्यंत मुलगा बोलत होता आणि वडील प्रश्न विचारत होते.

लातूरला आल्यावर आम्ही एक साधा करार केला, कर्जमंजुरीच्या पत्रासारखा. बारावी होईपर्यंत अभ्यास आणि मैदान दोन्ही चालेल. दोन वर्षे मुदत. दर सहा महिन्यांनी प्रशिक्षक, वडील आणि मुलगा एकत्र बसून आढावा घेतील. जेवणाची सोय होत नाही अशा ठिकाणी राहायला पाठवायचे नाही, ही आईची अट मुलाने स्वतःहून लिहून घेतली. मुदतीअंती पुढे जायचे की थांबायचे हे मुलगा सांगेल, आणि थांबला तर घरात कोणीही 'वेळ वाया गेला' असे म्हणणार नाही, यावर आजोबांनी सही केली. पुतण्यासाठी एकच अट मी घातली : महिन्यातून निदान दोन रविवार सकाळी मैदानावर जायचे आणि काही न बोलता पाहायचे.

आपल्या नांदेड-लातूरच्या घराघरांत या महिन्यात हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा असेल. कोणाची मुलगी शिकवणीच्या प्रवेश चाचणीला बसली असेल, कोणाचा मुलगा महाविद्यालयात आलेल्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करीत असेल, कोणाला दुकानात बसायचे नसेल. अशा चाचण्या सहा चेंडूंच्याच असतात आणि त्यांचा निकाल त्या दिवसापुरता खरा असतो. परके निरीक्षक आपल्या मुलाची माहिती काढण्यासाठी दहा माणसांना भेटतात. ती माहिती आपल्याला घरबसल्या मिळू शकते. त्यासाठी विचारावे मात्र लागते.

गेल्या रविवारी सकाळी मी पुतण्याच्या दुकानावर गेलो होतो. साडेदहा वाजून गेले तरी गादीवर कोणी नव्हते. मुनीम म्हणाले, "शेठ मैदानावर गेलेत. येतीलच."